वॉल्टरच्या शेतातलं झाडाचं नाणं

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकानेही नाही! हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचताना "शालनकाकू किती चिडून लिहितात" असं कुणाला वाटायला नको. चिडलेलीच आहे मी.

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून मागे लागले. म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, मी काय लिहिणार? पण आमच्या खणणाऱ्या ग्रुपचे किस्से आता एवढे साठलेत की कुठे ठेवू कळत नाही. एक सांगून संपतोय तोवर शनिवार येतो आणि नवा घडतो. शिवाय मी नाही लिहिले तर अविनाश लिहील. आणि त्याने लिहिलेलं कुणी तपासणार नाही, कारण तो इंजिनियर!

आम्ही बॉस्टनपासून तासाभरावर राहतो. दर शनिवारी सकाळी चौघं मशीन घेऊन शेतात जातो. मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. लांब काठी, खाली थाळीसारखं काहीतरी. ते जमिनीवरून फिरवायचं, खाली धातू असला की ओरडतं. अविनाश आमचा लीडर, पुण्याचा, आयटीतला. त्याचं मशीन इतकं महाग आहे की किंमत विचारली की त्याची बायको केतकी विषय बदलते. केतकी फोटो काढते आणि खड्डे बुजवते. पोटेकाका सांगलीला बँकेत कॅशियर होते, आता लेकीकडे असतात. आणि चौथी मी. शाळेच्या किचनमध्ये पोरांना जेवण वाढते. माझं मशीन यार्ड सेलमधलं, कुणीतरी वापरून काढलेलं, हँडलला चिकटपट्टी लावलेली.

*

सप्टेंबर होता. वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याचं मक्याचं शेत नुकतंच कापून झालेलं. अविनाश पुढे, मी मागे.

"काकू, इकडे नका येऊ, ही लाइन मी पूर्ण स्कॅन केलीय. काही नाही इथे."

म्हटलं, केली असशील. आणि मशीन ठेवलं. असं ओरडलं माझं मशीन, टिटवी ओरडते तसं! वीतभर खणलं. मातीत एक काळी चकती. बोटाने नुसती माती झटकली, तर एका बाजूला झाड! चांगलं फांद्याफांद्यांचं. दुसऱ्या बाजूला आकडे आणि साल.

अविनाशने फोनमध्ये बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं साप निघाला. "काकू, हे पाइन ट्री शिलिंग, म्हणजे इथलं जुनं चांदीचं नाणं असलं, तर साडेतीनशे वर्षांचं आहे!"

"म्हणजे महाराजांच्या वेळचं?" पोटेकाका म्हणाले.

"हो. पण असणार नाही," अविनाश म्हणाला. "ह्याच्या कॉप्या म्युझियमच्या दुकानात मिळतात. आणि ही लाइन मी स्कॅन केली होती."

बघा हं. त्याच्या मशीनला दिसलं नाही, म्हणून माझं नाणं खोटं!

केतकी हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही मध्ये म्युझियम बघायला गेला होतात ना?"

"गेले होते. तिथून फक्त सर्दी आणली. बाकी सगळं महाग होतं!"

*

शेत वॉल्टरचं, त्यामुळे नियम साधा. किमती काही सापडलं तर अर्धं त्याचं. मी स्वतः त्याच्या दारात गेले, नाणं हातावर ठेवलं. माझ्या इंग्रजीत सांगितलं की हे तुझ्या जमिनीतलं, मी असंच्या असं ठेवीन, धुणार नाही, विकणार नाही, आधी तज्ज्ञाकडून तपासून घेऊ. शब्द दिला.

म्हाताऱ्याने नाणं उलटंपालटं केलं. माझ्याकडे बघितलं. माझ्या पिशवीकडे बघितलं. म्हणाला, "व्हेअर आर द अदर्स?"

बाकीची कुठेत म्हणे! जसा मला हंडाच सापडला होता आणि मी त्यातलं एक दाखवायला आणलं होतं.

पुढच्या शनिवारी गेलो तर गेटला कॅमेरा. मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले, पिशवी उलटी करून झटकली. आता दर शनिवारी जाताना आणि येताना झटकते. त्याला हवं तेवढं बघू दे!

*

घरचं वेगळं सांगायला नको. आमचे हे जेवायला बसले. मग म्हणाले, "कुणाची वस्तू नाही ना उचलून आणलीस?"

तीस वर्षं संसार केलाय मी ह्या माणसाबरोबर.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात नुसत्या पोळ्या गेल्या. संध्याकाळी विचारायला लागले, भाजी कुठे होती. म्हटलं, "कुणाची तरी उचलून आणावी लागली असती!"

*

पोटेकाकांचं म्हणणं, मशीनबिशीन काही नको. नाणं टिचकीने उडवायचं, दगडावर पडू द्यायचं, आवाज ऐकायचा. खरं खणखण वाजतं, खोटं बद्द. बँकेत तीस वर्षं त्यांचा कान कधी चुकला नाही म्हणे. आले आमच्याकडे आणि थेट ओट्याजवळ! नाणं त्यांनी उचललंच होतं, मी मनगट धरलं.

"काका, साडेतीनशे वर्षांचं आहे ते. तुमच्या कानासाठी आपटायचं नाही!"

"मग नमुन्याला दुसरं वाजवून दाखवतो, शालनबाई. म्हणजे तुम्हाला फरक कळेल."

खिशातून क्वार्टर काढलं, इथलं पाव डॉलरचं नाणं. उडवलं. ओट्यावर पडलं. काकांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "बघा, हे खोटं!"

मी विचारलं, "काका, हे कुठून आणलंत?"

"आत्ता येताना बँकेतून!"

*

अविनाशची पद्धत शास्त्रीय. तो हातमोजे घालून आला. मी म्हटलं ऑपरेशन आहे का? दागिने तोलायचा छोटा काटा आणला होता. वजन अर्ध्या तोळ्याला जरा कमी, ते बरोबर निघालं. फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट लावून बघितला. चिकटला नाही, तेही बरोबर. प्रत्येक गोष्ट बरोबर निघाली की तो आणखी उदास व्हायचा.

"काकू, चांगल्या कॉप्या पण ह्या टेस्ट पास होतात."

"आणि खरी नाणी?"

"ती पण होतात."

"मग टेस्ट कशाला केलीस?"

त्यावर त्याने भाषण दिलं. तपासणारी मोठी कंपनी आहे, नाणं तिकडे पाठवायचं, ते खरं-खोटं ठरवतात, दर्जा देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात. पण तोवर नाणं घासायचं नाही! तो काळा थर म्हणजेच त्याची किंमत. एकदा घासलं की संपलं, खरं असलं तरी भाव पडतो. "तुमच्या पिढीला चांदी काळी दिसली की राहवत नाही, काकू."

एवढं बोलून थांबला नाही. माझ्या ओट्यावरचा चिंचेचा डबा उचलला आणि म्हणाला, "हा मी घेऊन जातो. सेफ्टीसाठी."

माझ्या घरात येऊन माझी चिंच जप्त केली! तीन दिवसांनी केतकीचा मेसेज आला, "काकू, चिंच एकदम मस्त होती, कुठून आणता?"

*

पाठवण्याआधी बॉस्टनमधल्या एका नाण्याच्या दुकानात दाखवलं. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग अविनाशला विचारलं, "तुम्हाला कुठे सापडलं?"

मी म्हटलं, "मला सापडलं."

त्याने मान हलवली आणि पुन्हा अविनाशलाच विचारलं, "किती खोल होतं?"

"वीतभर," मी म्हटलं, आणि काउंटरवर वीत ठेवून दाखवली.

शेवटी भिंग काढलं. बहुतेक कॉपी आहे, म्हणाला. पण तुम्ही एवढ्या लांब आलाय तर मी दोनशे डॉलर देतो.

अविनाश थँक यू म्हणायच्या बेतात होता. मी नाणं ओढून घेतलं. "अविनाश, ह्याला विचार, खोट्याला दोनशे देतो तर हा वेडा आहे का? आणि विचारून झालं की सांग, मला तो वेडा दिसत नाही."

अविनाशने विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. दुकानदार चारशे म्हणाला!

*

दिवाळी आली. केतकीचा फोन. "काकू, सासूबाई आल्यात पुण्याहून. नाणं कंपनीला पाठवायच्या आधी एक दिवस आमच्या लक्ष्मीपूजनाला द्याल का? एवढं जुनं नाणं पूजेत, त्यांना खूप बरं वाटेल."

आता नाही कसं म्हणणार? सणाचं मागितलं. पण मी कागद लिहून घेतला. "एक नाणं, झाडाचं, दोन्ही बाजूंनी काळं, मिळालं." खाली केतकीची सही.

"काकू, काय हे! आपण घरचे ना?" ती हसली.

"घरचे म्हणूनच," मी म्हटलं. "बाहेरच्याला दिलंच नसतं."

पूजा झाली. दुसऱ्या दिवशी केतकीने नाणं कागदाच्या पाकिटात घालून बंद केलं, अविनाशने फॉर्म भरला आणि जाता जाता पोस्टात टाकलं. मला दाखवायला आणा म्हटलं, तर म्हणे काकू, सारखं हाताळायचं नसतं. ही एक चूक माझी. बघायला हवं होतं!

*

कित्येक आठवड्यांनी पार्सल आलं. फॉर्मवर पत्ता अविनाशचा, म्हणून त्याच्या घरी जमलो. त्याच्या आई आत चकल्या करत होत्या. बाहेर आम्ही चौघं.

अविनाशने डबी काढली. लेबल वाचलं. परत वाचलं.

"काकू. जेन्युइन आहे. खरं आहे!"

पोटेकाकांनी उगीच खोकून घेतलं. मला वाटलं, आता कुणीतरी सॉरी म्हणेल. मी वाट बघत होते. खरंच बघत होते.

तर अविनाश म्हणाला, "खाली अजून एक ओळ आहे. क्लीन्ड. घासलंय, काकू. म्हणून दर्जा दिलाच नाही. भाव एकदम खाली."

डबीत नाणं बघितलं मी. लखलखत होतं! दोन्ही बाजूंनी! मी दिलं तेव्हा तव्यासारखं काळं होतं.

आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"खरं सांगा काकू," अविनाश अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला. "चिंच लावली ना?"

"चिंच तुझ्या घरात आहे!"

"अहो, कोकम असतं, लिंबू असतं, राख असते," पोटेकाका म्हणाले. यादीच तयार होती त्यांची.

"माझ्याकडे सही आहे! काळं लिहिलंय त्यावर!"

"तुम्ही लिहायला सांगितलंत, मी सही केली," केतकी म्हणाली. "मी काही भिंग लावून बघितलं नव्हतं, काकू." आणि ती चहाच्या कपात बघत बसली. कप रिकामा होता.

मला पैशाचं काही नव्हतं. पण वॉल्टरला मी शब्द दिला होता. असंच्या असं ठेवीन म्हणून. अर्धं नाणं त्याचं होतं. आधीच पिशवी झटकत फिरतेय मी त्याच्या दारात.

अविनाशने लॅपटॉप उघडला. "वॉल्टरला कळवावं लागेल. ग्रुपचं नाव खराब नको व्हायला. मी लिहितो की सॉरी, आमच्या एका मेंबरने अज्ञानामुळे नाणं घासलं." आणि मोठ्याने वाचत टाइप करायला लागला.

मी उठले. काय बोलणार होते मलाच माहीत नाही, पण चांगलं काही नव्हतं. तेवढ्यात त्याच्या आई चकल्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. "काय हो, चेहरे असे का सगळ्यांचे?"

"हे झाडाचं नाणं कुणीतरी घासलं, आई," मी म्हटलं. "म्हणतात, मी घासलं."

त्यांनी ताट ठेवलं, डबी हातात घेतली, चष्म्यातून बघितली आणि असं समाधानाने हसल्या!

"छे हो, तुम्ही कशाला? ताटात सगळ्या चांदीबरोबर होतं ना हे. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाची चांदी बायका घासतच नाहीत. शाळेत होता तेव्हापासून हाच घासतो. टूथपेस्ट घेतो आणि क्रिकेट बघत बघत अख्खं ताट संपवतो. मान वर करत नाही. बघा ना, कसं आरशासारखं केलंय!"

चकली कुणी उचलली नाही. लॅपटॉप उघडाच होता. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

"लिही की. मेंबरचं नाव घालायचं राहिलंय."

"काकू, ते इतकं काही..."

"नाव घाल."

त्याने एका बोटाने, एकेक अक्षर करत घातलं. अविनाश.