काकूंनी करून दिलेली ओळख

“पोरगी मुकी हाय का जी?”

मंगरूळपीरच्या नव्या कन्याशाळेतल्या शिपायाने हे मला नव्हे, माझ्या शेजारी बसलेल्या काकूंना विचारलं. “मुकी काहून राहीन? विंग्रजी बोलते माही पोर!” काकू कडाडल्या.

जगात अनोळखी माणूस असतो, हे आमच्या मळेवाल्या काकूंना मान्यच नव्हतं. किन्हीराजाला आमच्या घरामागे त्यांचा भाजीमळा. मोटारीत बसल्या की शेजारणीचं गाव, माहेर, आजोळ विचारत कुठलं तरी नातं काढायच्याच; त्याआधी उतरायची वेळ आली तर ड्रायव्हरवर चिडायच्या. बाजारात भाजीचीही ओळख करून देत. “हे वांगं माह्या धाकट्या सुनेवानी हाय, लवकर नरम पडते.” काकडीचं टोक कापून तर थेट समोरच्याच्या तोंडाशी धरत. “चाखून पाय. कडू निघाली तं वापस आन.” एकदा एक साहेब दर्ग्याची वाट विचारायला थांबले, ते काकड्या घेऊन गेले, वाट विचारायची राहूनच गेली.

वडील तापाने पडले म्हणून शिक्षिकेच्या मुलाखतीला काकू माझ्या सोबतीला आल्या होत्या. ही नोकरी हुकली तर यंदाच माझं लग्न उरकायचं, असं घरात ठरत आलं होतं. नागपूरला मामाकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले. स्वतःची ओळख सांगणारी चार इंग्रजी वाक्यं मी वाटभर घोकली होती.

“स्वतःविषयी सांगा,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि चारही वाक्यं एकमेकांत मिसळून गेली. आत कुणीही न बोलावलेल्या काकू पुढे सरकल्या. “मी सांगतो ना बाई. हिचा बाप लय साधासुदा मानूस. माय मेहकरची. तुमचं माहेर कोन्तं?”

मोठ्या बाईंनी नकळत सांगून टाकलं. बघता बघता त्यांची आत्या काकूंच्या जावेच्या गावात निघाली, आणि शिपाई दारातून चहाचं विचारू लागला. खोलीतल्या सगळ्यांची ओळख झाली, माझी सोडून.

“पण आजी, शिकवणार कोण? तुम्ही की ही?” मोठ्या बाईंनी हसत विचारलं.

 या वेळी काकूंनी उत्तर माझ्यावर सोडलं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. काकडीचा तुकडा पुढे धरून थांबताना बघायच्या, अगदी तसं. त्यात काळजी नव्हती. माल चांगला आहे, एवढीच खात्री होती.

काकू आता मुलाकडे अकोल्याला असतात. तिथेही शेजारणींची माहेरं शोधत असतील. मंगरूळपीरच्या बाजारात आता काकडी कुणी चाखायला देत नाही. मी मात्र दर वेळी काकड्यांपुढे क्षणभर थांबते, आणि त्यांची ती नजर आठवते.

त्या दिवशी त्याच नजरेकडे पाहत मी उठून उभी राहिले. चार वाक्यं सोडून दिली.

“बाई, मी किन्हीराजाची. मला बोलायला वेळ लागतो, शिकवायला लागत नाही. आज एक तास मला वर्गावर जाऊ द्या. कडू निघाले, तर परत पाठवा.”