जाधव मॅडम आणि शेजारचा धूर

सकाळी भेटल्यावर माणसं "चहा झाला का?" असं विचारतात. आमच्या जाधव मॅडम विचारायच्या, "काय जाळलंत आज?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी बॉयलर हाऊसचा इनचार्ज असल्यामुळे हा प्रश्न बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचा, तोही डबा ठेवायच्या आत.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर आमचा रंगांचा मोठा कारखाना होता. मालक कंपनी परदेशी. नव्वदीच्या मध्यावर तिकडून हुकूम आला, की प्रत्येक कारखान्याने आपण हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते मोजायचं आणि दरवर्षी कमी करून दाखवायचं. आमचे साहेब म्हणाले, "आपला धूर तर पांढरा आहे, मोजायचं काय?" मग या कामासाठी साताऱ्याकडच्या, कोपरखैरण्यात राहणाऱ्या एक इंजिनियर बाई नेमल्या गेल्या, आणि माझं स्वास्थ्य संपलं.

मला वाटलं होतं, बाई चिमणीला कसलं तरी यंत्र लावतील आणि आपल्या खोलीत बसतील. पण त्यांनी चिमणीकडे पाहिलंसुद्धा नाही. "वर काय जातंय ते कशाला मोजायचं? खाली काय घालताय ते मोजलं की हिशेब लागतो," म्हणाल्या. जळलेलं तेल, ओढलेली वीज, मालाच्या ट्रकांचं डिझेल, सगळं त्यांना हवं होतं. आमच्याकडे तेलाचा आकडा म्हणजे टाकीत पट्टी बुडवायची आणि जवळचा सोयीचा आकडा सांगायचा. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाटकर, तुमच्या तेलाचा आकडा रोज शून्यावरच कसा संपतो?" आणि ओढणी कमरेला बांधून स्वतः टाकीच्या शिडीवर चढल्या. खाली मी, माझी माणसं आणि समोरच्या कँटीनमधली अर्धी शिफ्ट. त्या दिवसापासून पट्टी मीच बुडवायला लागलो. निदान शिडीवर कोण चढलंय ते बघायला गर्दी तरी जमत नव्हती.

मग गळतीची पाळी आली. वाफेच्या पाइपांतून कुठेकुठे फुसफुस चालायची. आम्हाला तो आवाज पंख्यासारखा झाला होता. मॅडम बोलता बोलता मध्येच बोट वर करायच्या. "श्श! ऐका." आपण आपलं वाक्य तोंडात धरून उभं राहायचं. गळती सापडली की त्या पर्समधून लाल कापडाची चिंधी काढून त्या व्हॉल्व्हला बांधायच्या. महिन्याभरात अख्खा प्लांट लाल झाला. आमचा बॉयलर ऑपरेटर म्हात्रे इथल्याच बोनकोडे गावचा. तो म्हणाला, "साहेब, ही बाय आपले बॉयलरला नवसाचा झार करून ठेवनार हाय." दिल्लीहून पाहुणे यायचे होते, तेव्हा साहेबांनी चिंध्या काढायला सांगितल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काढू की. आधी गळती काढा, मग चिंधी काय, आपोआप निघते." दोन रविवार आम्ही पाइपांखाली आडवे होतो. तेल कमी लागायला लागलं, हे खरं. पण माझी पाठ गेली ती गेलीच.

त्या चुकत नसत असं नाही. बॉयलरला लागते त्यापेक्षा जास्त हवा दिली, तर उष्णता चिमणीतून वाया जाते. म्हणून हवा कमी करा, अजून कमी करा, असा त्यांनी धोशा लावला. मी सांगत होतो, बास. एका दुपारी ती इतकी कमी झाली, की चिमणीतून डांबरासारखा काळा धूर निघाला आणि वाऱ्याने थेट वस्तीवर गेला. संध्याकाळी गेटवर बायका हजर, हातात काजळी धरलेल्या चादरी. त्यात मॅडमच्या सोसायटीतल्याही होत्या. साहेब मागच्या दाराने गेले. मॅडम गेटवर आल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं. द्या इकडे." त्या चादरी त्यांनी खरोखर घरी नेऊन धुतल्या. मला वाटलं, आता तरी बाई जरा नरमतील. दुसऱ्या दिवशी आल्या त्या साबणाने सोललेल्या हातांनी, आणि म्हणाल्या, "पाटकर, हवा कालच्यापेक्षा किंचित जास्त. किंचितच."

खरा घोळ झाला तो ड्रायरचा. रंगाची पूड वाळवणारा आमचा जुना ड्रायर तेल प्यायचा. साहेबांनी तो बंद केला आणि वाळवायचं काम मागच्या गल्लीतल्या एका छोट्या कारखान्याला दिलं. आमचा कार्बनचा आकडा धाडकन खाली आला. मालक कंपनी खूश. तिकडून मोठे साहेब शिल्ड घेऊन येणार, असं ठरलं. आमच्या साहेबांची बढती पक्की, त्यांच्या मागोमाग माझीही. घरी बायकोला मी सांगूनही टाकलं होतं.

मॅडम मागच्या गल्लीत जाऊन आल्या. तिथे भट्टीत जुने टायर, भंगारातलं लाकूड, गाळाचं तेल, मिळेल ते जळत होतं. तेवढीच पूड वाळवायला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त धूर होत होता. त्यांनी तो धूर आमच्या आकड्यात मिळवला. आकडा पूर्वीपेक्षाही वर गेला.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तो धूर आपला नाही. तो कारखाना आपला नाही."

"पूड आपली आहे, पोती आपली आहेत, पोत्यावर नाव आपलं आहे," मॅडम म्हणाल्या. "धूर तेवढा परका?"

"पाटकर, तुम्ही समजवा यांना."

मी बाहेर येऊन समजावलं. हात जोडून समजावलं. म्हटलं, शिल्ड घेऊ द्या, पुढच्या वर्षी सांगा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हवेला काय सांगायचं? पुढच्या वर्षी मोजतो म्हणून?" अशा माणसाशी काय बोलणार!

मोठे साहेब आले. मॅडमनी पडद्यावर दोन आकडे दाखवले: एक कारखान्याच्या भिंतीच्या आतला, एक पुडीबरोबर भिंतीबाहेर गेलेला. पाहुण्यांनी विचारलं, "हे ठिकाण किती लांब आहे?" मॅडम म्हणाल्या, "चालत जाऊ." आणि ते खरंच गेले, सूटबूट घालून, मागच्या गल्लीत. परत आले तेव्हा डोळे लाल झाले होते. शिल्ड गाडीतून बाहेर आलंच नाही.

पंधरवड्यात मॅडमची बदली झाली, उरणकडच्या आमच्या गोदामात. तिथे ना बॉयलर, ना चिमणी. निरोप समारंभ झाला नाही. जाताना त्या म्हात्रेला भेटल्या, मला भेटल्या आणि म्हणाल्या, "त्या गल्लीतली भट्टी बंद पडणार. तिथली माणसं घरी बसतील. ते माझ्याच नावावर आहे, मला माहीत आहे. नवा ड्रायर आला तर त्यांना इथे कामावर घ्यायला लावा." म्हणजे जातानाही काम मलाच.

ड्रायर आला, वर्षभराने, गॅसवर चालणारा. गल्लीतली सगळी माणसं काही घेतली गेली नाहीत. चौघांना घ्यायला लावलं, तेही भांडून. तोवर साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी मला उरणला पाठवलं: मॅडमना सन्मानाने परत आणा.

गोदामाच्या आवारात ट्रक रांगेने उभे होते, आणि मॅडम उन्हात एका ट्रकच्या दाराशी. "नंबर यायला तासभर आहे, इंजिन कशाला चालू? बंद कर बाबा!" ड्रायव्हर कपाळाला हात लावून चावी फिरवत होता. मी निरोप सांगितला. त्यांनी पुढच्या ट्रककडे बघतच उत्तर दिलं, "इथलं नुकतंच सुरू झालंय हो. आणि तिथे आता माझं काय काम? तिथे तुम्ही आहात ना."

"मी? मी बॉयलरवाला माणूस आहे, मॅडम."

"म्हणून तर," म्हणाल्या, आणि गेल्या पुढच्या ट्रककडे.

परतीच्या बसमध्ये मी सबंध वाट चिडलेला होतो. माझ्या गळ्यात सगळं अडकवून ही बाई मोकळी! दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "त्या येत नाहीत. ते मोजायचं काम मी घेतो."

साहेबांना आश्चर्य वाटलं. "तुम्हाला आवडेल ते?"

"अजिबात नाही," मी म्हणालो, आणि टाकीकडे निघालो.