मावशींच्या पलंगावरचा पाला

ऐन थंडीत वादळी पाऊस कोसळला, तेव्हा मी बाजारात होते. गच्चीवर जुन्या साडीवर हरभऱ्याचा पाला वाळत घातलेला. गेला सगळा, म्हणत धावत आले, तर शेजारच्या कुसुममावशींचं दार उघडं. पाला त्यांच्या पलंगावर पसरलेला, वर पंखा गरगरतोय आणि मावशी कोपऱ्यात कानटोपी घालून, घोंगडी पांघरून कुडकुडत बसलेल्या.

"अहो मावशी, पंखा तरी बंद करा!"

"आणि पाला काळा पडू दे?" त्या माझ्यावरच डाफरल्या.

आमच्या गल्लीत पाऊस आला की वाळवण कुणाचं, हे कोणी विचारत नाही. ज्याला दिसेल तो उचलतो. आता वाळवण घालताना मी आभाळाकडे बघतसुद्धा नाही.

उन्हाळ्यात पाहुण्यांनी त्या वाळवलेल्या पाल्याच्या भाजीची तारीफ केली, तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं, "ही उन्हात नाही, आमच्या मावशींच्या थंडीत वाळलीय."