बिभीषणमामांचा हात

आमच्या शाळेच्या फाटकातून पोरगं कधी एकटं बाहेर पडलं नाही. तेलगावच्या रस्त्यावरची ही मिशनची शाळा, फक्त मुलांची. बाहत्तरच्या दुष्काळात फादर अल्बाननी आधी विहीर खणली, मग वर्ग बांधले. पोरं बहुतेक ऊसतोडीवाल्यांची. आईबाप कारखान्याकडे निघाले की पोरं बोर्डिंगात. फादरचा एकच हट्ट होता, न्यायला आलेल्या माणसाच्या हातात ते स्वतः पोराचा हात द्यायचे. तोवर दहावी झाली तरी मुक्काम इथंच.

बिभीषणमामांना त्यांच्या बापानं पाचवीला आणून सोडलं आणि मेंढरं घेऊन तो गोदावरीकडं गेला. मामांची दहावी झाली, सगळी पोरं घरी गेली, बाप काही आला नाही. शेवटी फादरनी बोर्डिंगच्या किल्ल्या मामांच्या हाती दिल्या. त्याच किल्ल्या सांभाळत मामांचे केस पिकले. मी इथंच शिकलो, आता इथंच शिकवतो, आणि मला ते कायम तसेच आठवतात, कमी बोलणारे, कुणावर न चिडणारे. लग्न का केलं नाही म्हटलं की म्हणायचे, "मलाच न्यायला कुणी आलं न्हाई, मी कुणाला आणू?"

आता बोर्डिंगात सही करून पोरं नेतात. हात वगैरे कुणी देत नाही. सुधारणा म्हणतात तिला.

निवृत्तीच्या आठवड्यात मामांनी विचारलं, "सर, माजा हात कोन देनार?" परळीला नर्स असलेली, अलीकडेच त्यांचा पत्ता लागलेली त्यांची भाची धनश्री त्यांना कायमचं घरी नेणार होती. मी नव्या फादरना सगळं समजावलं. ते "हो हो, नक्की" म्हणाले. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत.

त्या दिवशी शाल-नारळ झालं, मामांना आधारस्तंभ वगैरे म्हणून झालं आणि फादर मीटिंगला बीडला गेले. मामा फाटकात जाऊन उभे राहिले.

"फादर गेले, मामा."

"येतील."

धनश्री स्कूटी बाहेर लावून आत आली. मी मामांची ट्रंक दोन्ही हातांनी धरून उभा होतो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आत सगळं बधिर झालं होतं. ट्रंकेची कडी बोटांत रुततेय एवढंच कळत होतं.

"चला मामा, ऊन लई हाय," ती म्हणाली.

मामांनी उजवा हात पुढं केला. पोरं करायची तसा, खाली बघत.

धनश्रीनं हाताकडं पाहिलं. "तहान लागली का?" म्हणत तिनं पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

मामा घोटभर पाणी प्यायले. झाकण नीट लावून त्यांनी बाटली परत केली आणि फाटकाबाहेर एकटेच पाऊल टाकलं.