कप्तानाची गाडी

दादा गेले ते न्हाव्याच्या खुर्चीत. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता, आणि पुलाच्या रखडलेल्या कामावर तावातावाने बोलता बोलता ते मध्येच थांबले. न्हाव्याला वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर येऊन मान हलवून गेले तेव्हा त्याने त्यांच्या थोरल्या मुलीला फोन लावला, आणि ती येईपर्यंत राहिलेला गाल करून टाकला.

"अर्ध्या दाढीने कसं पाठवायचं त्यांना?" तो म्हणाला. वस्तरा अजून हातातच होता.

"बरं केलंत," थोरली म्हणाली. दादांच्या कानामागे थोडा फेस राहिला होता, तो तिने रुमालाने पुसला. पुसताना आपल्याला काहीच होत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं.

पुढेही तसंच. शेवटचं सगळं उरकलं, माणसं येऊन बसू लागली. ती चहा करायची, समोर बसायची, "हो, तसेच होते ते," म्हणायची. दादा वेल्डर, पण सगळी गल्ली त्यांना कप्तान म्हणायची. पाय म्हणून घरात टिकत नसे, आणि एकट्याने कुठे जाणं ठाऊक नव्हतं. भंगारात निघालेली एक रुग्णवाहिका आणून त्यांनी तिला बसची बाकं जोडली, आईने निळे पडदे शिवले, आणि दर सुट्टीत घर त्या गाडीत शिरायचं. "जायचं कुठे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आधी निघू तर!"

एकदा मात्र ठिकाण ठरलं होतं. समुद्र. थोरली आणि तिच्या धाकट्या भावाने तो पाहिलाच नव्हता. वाटेत घाटात एक ट्रक उलटला होता. ड्रायव्हरचा पाय चेपलेल्या केबिनमध्ये अडकलेला, आणि जमलेली माणसं नुसती सल्ले देत होती. दादांच्या गाडीत गॅस कटर होता. पोरांच्या पायाशी सिलिंडर ठेवतात म्हणून आई घरापासून त्यांना सुनावत आली होती. आता तिनेच ड्रायव्हरवर ओली चादर धरली आणि दादा पत्रा कापत राहिले. "हलू नकोस रे राजा, हलू नकोस," एवढंच ते म्हणत होते. शेवटी त्याला मागच्या बाकावर आडवा टाकून त्यांनी इस्पितळ गाठलं.

सुट्टी तिथल्या व्हरांड्यात संपली. ड्रायव्हरची बायको तान्ही मुलगी घेऊन आली. तिला राहायला जागा नव्हती. दादांनी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "आवारात उभी आहे. आत स्टोव्ह आहे, गाद्या आहेत. तो बरा झाला की आणून द्या." आणि बायकापोरांना घेऊन ते एसटीने परत आले. धाकटा समुद्रासाठी भोकाड पसरून रडला. दारात आल्यावर आई एवढंच म्हणाली, "निदान पडदे तरी काढून आणायचे होते."

गाडी पुढे परत आली, धुऊन पुसून. लंगडत आलेल्या ड्रायव्हरनेच ती आणली.

दादा गेल्याचं ऐकून तो आताही आला. म्हातारा झालेला, हातात काठी. उंबऱ्यातच त्याला रडू फुटलं, लहान मुलासारखं, नाक गळेपर्यंत. थोरलीने पाणी दिलं. खिडकीच्या बंद काचेपलीकडचं कुणी पाहावं तशी ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"गाडी आहे का हो अजून?" त्याने विचारलं.

होती. दादांच्या वेल्डिंगच्या शेडमागे, चाकं खाली बसलेली. आईच उठली आणि त्याला घेऊन गेली. थोरली चहा घेऊन मागून आली तर दोघं आत बाकावर बसलेले, आणि आई बोलत होती. दादा गेल्यापासून तिने धड एक वाक्य उच्चारलं नव्हतं.

"कुणाला विचारायचे म्हणून नाहीत हो! माझी नवी कोरी शिलाई मशीन देऊन टाकली त्या वरच्या मजल्यावरच्या बाईला. आणि मला म्हणाले, तुला कंटाळाच आला होता ना?"

"आला होता का?" ड्रायव्हरने विचारलं.

"आला होता की! पण ते मी सांगायचं की त्यांनी?" आणि आई हसली. हसता हसता पदर तोंडाला लावून रडू लागली. ड्रायव्हर तिथेच बसून राहिला.

थोरली दाराशी उभी राहिली. आत जावं, आईच्या पाठीवर हात ठेवावा, असं तिला सुचलं; पण ते दुसऱ्याच कुणाचं काम असल्यासारखं. चहा गार झाला तेव्हा ती दुसरा करायला घरात गेली.

सोमवारी ती कामावर गेली. चष्म्याच्या दुकानात मशीनवर काचा घासण्याचं तिचं काम. दुपारी धाकट्याचा फोन आला. तो परगावी परतला होता.

"ताई, रडलीस का गं?"

"नाही रे."

"मी पण नाही."

पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "जेवलीस?"

"आता बसते," ती म्हणाली, आणि मशीन बंद करून तिने डबा उघडला.