आयुधपूजेच्या दोन सुट्ट्या आणि ओरगडमचा प्रेस

१. बुधवारी आयुधपूजा, गुरुवारी विजयादशमी. विद्यापीठाला दोन दिवस सुट्टी. शुक्रवारी तास होते, पण वर्गातल्या बहुतेकांनी तोही सुट्टीत धरला आणि गावी गेले.
२. माझं नाशिकचं तिकीट वेटिंगवरच राहिलं.
३. माझ्याकडे नोकरीची दोन पत्रं आहेत. एक पेरुंगुडीच्या सॉफ्टवेअर कंपनीचं, एक शहराबाहेरच्या ओरगडमच्या कारखान्याचं, टूलरूममध्ये, म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं बनतात तिथे, शिकाऊ इंजिनियर म्हणून. सोमवारी सकाळी दहापर्यंत एकालाच हो म्हणायचं आहे.
४. मी ओरगडमला एकदा जाणार होते. दोनदा गेले.

ओरगडमचा कारखाना मोटारींचे सुटे भाग करतो. माझी वर्गमैत्रीण सुकन्या तंजावरच्या मराठी घरातली. तिचे वडील श्रीनिवासराव त्याच टूलरूममध्ये फोरमन आहेत. ती म्हणाली, "पूजेदिवशी घरच्यांना आत सोडतात. एकदा बघ आणि मग काय ते ठरव. आणि तुझं मापायचं व्हर्नियर आण, पूजेत ठेवू."

जाणाऱ्यांसाठी: माझ्या हॉस्टेलजवळच्या अड्यारहून तांबरमला बस, तिथून पडप्पैमार्गे वालाजाबादला जाणारी बस. दोन्ही मिळून वीस रुपयांच्या आत. सकाळी सातला निघालात तर दोन तास धरा. पडप्पैनंतर भातशेती आणि कुंपण घातलेले रिकामे प्लॉट आळीपाळीने दिसतात. आमच्या बसच्या काचेवर केळीचे दोन खांब बांधलेले होते. ड्रायव्हर त्यांच्या फटीतून रस्ता बघत होता.

कारखान्यात शिरल्यावर मी थांबले. एवढी शांतता मी कुठल्याच शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या दालनात, ऐकलेली नाही. पत्रा दाबून भाग काढणारा दोनशे टनांचा प्रेस, माझ्या तिप्पट उंच, धुऊनपुसून उभा. कपाळ असावं तिथे चंदनाचे तीन पट्टे, गळ्यात झेंडूची जाड माळ. लेथ, ग्राइंडर, फोर्कलिफ्ट, अगदी पान्यांनासुद्धा कुंकू लावलेलं. ऑपरेटर पांढऱ्या धोतरात, बायका रेशमी साड्यांत. एक माणूस आपल्या बायकोला मशीन दाखवत होता, घर दाखवावं तसं. मी यंत्रांकडे चार वर्षं पाहते आहे. त्यांच्यासमोर आवाज खाली आणावासा मला कधी वाटला नव्हता.

पूजा झाली. ‘पोरी’ म्हणजे कुरमुरे, गूळ आणि सुंडल, म्हणजे फोडणी दिलेले उकडलेले हरभरे, यांचे द्रोण वाटले. माझं व्हर्नियर बाकीच्या हत्यारांबरोबर केळीच्या पानावर होतं. शेजारी एक डाय, म्हणजे प्रेसचा साचा, उघडी होती. तिच्या फटीचं माप काय असेल असं मनात आलं आणि मी सहज व्हर्नियर उचललं.

"तोडादींग, मॅडम!" तीन-चार जण एकदम ओरडले. हात लावू नका.

श्रीनिवासराव पुढे आले. त्यांच्या मराठीला तमिळची चाल आहे आणि आपल्याकडे वापरात न राहिलेले शब्द आहेत. "ठेवा तेथेंच. आज मापायचं नाही. त्यास सुट्टी."

"पण पूजा झाली ना, काका?"

"तुम्हांस दोन दिवस सुट्टी पाहिजे, त्यास एक दिवस नको आ?"

त्यांनी तेच तमिळमध्ये सांगितल्यावर सगळे हसले. सुकन्या म्हणाली, "नाशिकची ना ही. दसऱ्याला पूजा करते आणि लगेच स्कूटर काढते."

खरंच आमच्याकडे तसंच असतं. इथे पूजेत ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळी उचलतात, आणि उचललं की त्याने थोडं तरी काम करायचंच. मी व्हर्नियर पानावर परत ठेवलं. ते तिथेच राहिलं.

म्हणून गुरुवारी पुन्हा. पहाटेची बस घ्यायची असेल तर एक सूचना: आदल्या संध्याकाळी दुकानादुकानासमोर कुंकू भरलेले कोहळे फोडलेले असतात. रस्ता लाल आणि निसरडा होतो. दुचाकी अजिबात नेऊ नका.

कारखान्यात तीसेक माणसं प्रेसभोवती उभी होती. सर्वांत जुन्या ऑपरेटरने चपला काढल्या, मोटर लावली, दोन्ही हातांनी बटणं दाबली. ठोका माझ्या पायांच्या तळव्यांतून वर आला. माळेतली फुलं उडाली. एक ब्रॅकेट खाली पडला. तो तबकात ठेवून श्रीनिवासराव माझ्याकडे वळले. "तुमच्या हत्यारानेही आज काम केलं पाहिजे. मापा."

ब्रॅकेटच्या वाकवलेल्या पायाची उंची. ड्रॉइंगवर ४२.३० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०४. मी मोजलं. पुन्हा मोजलं. ४२.३६.

तबकात कापूर पेटलेला होता. पूजेनंतरचा, नव्या वर्षाचा पहिला नग. कुणालाही बरं वाटेल असं उत्तर जिभेवर आलं होतं.

"रिजेक्ट," मी म्हणाले. "दोन शतांश जास्त."

मागून एक बाई कुजबुजल्या, "अय्यो."

श्रीनिवासरावांनी नग हातात घेतला, स्वतःच्या मायक्रोमीटरने मोजला, आणि ऑपरेटरला तमिळमध्ये रॅम, म्हणजे प्रेसचा वरून ठोकणारा भाग, थोडा खाली घ्यायला सांगितलं. दुसरा नग ४२.३५. तिसरा ४२.३२. मग टाळ्या. पहिल्या दोन्ही नगांवर लाल रंगाची रेघ मारून ते रिजेक्टच्या पेटीत टाकले, आणि पेटीलाही कुंकू होतं.

ऑपरेटर मला तमिळमध्ये म्हणाला, "आजच्या दिवशी दुसऱ्या कुणीही ओके म्हटलं असतं." श्रीनिवासराव म्हणाले, "म्हणोन तर यांस मापावयास दिलें."

निघताना मी विचारायच्या गोष्टी विचारल्या. शॉपमध्ये एकही बाई काम करत नाही. बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत, चार मिनिटांवर. शिफ्ट बदलती. कंपनीची बस तांबरमपर्यंतच. श्रीनिवासरावांनी काहीही लपवलं नाही. "पुढच्या वर्षी मी निवृत्त. मी आहे तोंवर शिकवीन. नंतरचं सांगूं शकत नाही."

हॉस्टेलवर परतले. मेस बंद, मजल्यावर माझ्याच खोलीत दिवा. पेरुंगुडीचा पगार दीडपट आहे. बस दारात येते. वर्तमानपत्रं मंदीबद्दल लिहीत आहेत, तीही दोन्हींकडे सारखीच लागू. तक्ता करून पाहिला, पेरुंगुडी जिंकली. मग डोळे मिटले तर तळव्यांना तो ठोका लागतो. तक्त्यात तो कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला माहीत नाही.

वाचकांपैकी कुणी बाई कारखान्यात शॉपवर, शिफ्टमध्ये, एकटीने काम केलेली असेल, तर मला लिहावं. सल्ला नको. पहिलं वर्ष कसं गेलं आणि काय सहन झालं नाही, एवढंच हवं आहे. कृपया रविवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्या.