भिंतीला न बसवलेली तिजोरी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या आहेत. मुलुंडच्या तिजोरीची केस मात्र तारीख सोडली तर जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

मी तेव्हा मुलुंडच्या एका पोलीस ठाण्यात गुन्ह्यांच्या तपासाचं काम बघत होतो. सकाळी साडेदहाच्या सुमारास एक सत्तरीतले गृहस्थ ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, सरळ पाठ. त्यांना कागदपत्रं हरवल्याचा दाखला हवा होता. फ्लॅटचा करारनामा आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट गहाळ झालं, इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, बिल्डरला कागद दाखवायचे आहेत, असं त्यांचं म्हणणं. असे दाखले आमच्याकडे रोज लिहिले जातात. अंमलदाराने अर्ज पुढे केलाही होता.

मी सहज तिथून जात होतो. चेहरा ओळखीचा वाटला. निवडणुकीच्या आधी परवानाधारकांची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात आणि मतमोजणी झाली की परत देतात. महिनाभरापूर्वी त्यांचं रिव्हॉल्वर मीच सही घेऊन परत दिलं होतं. एका खाजगी कंपनीच्या रोकड गाडीवर सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांनी आयुष्य काढलं होतं. परवाना तेव्हाचाच.

"काका, कागद कुठे ठेवले होते?"

"तिजोरीत."

"मग तिजोरीतून हरवले कसे?"

ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "तिजोरीच नाहीये साहेब. काल संध्याकाळपासून."

"आणि रिव्हॉल्वर?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. अशा वेळी गप्प राहिलेलं बरं असतं.

"त्यातच होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"भरलेलं?"

"पाच काडतुसं. चोर आला तर भरायला वेळ कुठे मिळणार, म्हणून..."

अंमलदाराचं लिहिणं थांबलं. हत्यार गहाळ झालं तर ताबडतोब कळवायचं, ही परवान्याची अट या माणसाला पाठ असणार. तरी त्यांनी एक रात्र घालवली होती आणि आज येऊनही फक्त कागदांचं नाव काढलं होतं. परवाना जाईल ही भीती असेल, असं मला तेव्हा वाटलं. ते निम्मंच खरं होतं.

स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना कळवलं, सगळ्या ठाण्यांना संदेश गेला. मी एक महिला हवालदार आणि दोन शिपाई घेऊन त्यांच्या घरी पोचलो. दोन पंच शेजारूनच मिळाले. दाराचं कुलूप शाबूत, खिडक्यांचे गज शाबूत. बेडरूमच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. तिजोरी तिथे होती. बटणं दाबून उघडणारी, हलक्या पत्र्याची. दोन माणसं जिना उतरून आरामात नेतील अशी.

"भिंतीला बोल्ट मारले नव्हते?"

"तिच्यासोबत आलेले बोल्ट ड्रॉवरमध्ये आहेत," काका म्हणाले. "इमारत पाडणारच आहेत, म्हटलं भिंतीला भोकं कशाला पाडायची."

मी वहीत लिहिलं: चावीने आत आलेला माणूस, कपाट माहीत असलेला माणूस. काकांबरोबर त्यांचा मुलगा आणि सून राहायचे. दोघं नोकरीला. मुलाला ऑफिसातून बोलावून घेतलं आणि ठाण्यात बसवलं.

इथे माझी पहिली चूक झाली. मुलगा तापट होता, उलटून बोलत होता, आणि त्याला कारणही होतं. फ्लॅट आपल्या नावावर करून द्या म्हणून तो वडिलांच्या मागे लागला होता. दुसऱ्याच आठवड्यात बक्षीसपत्रावर सही व्हायची होती.

"कागद मलाच मिळणार होते, मग मी चोरू कशाला? डोकं आहे का साहेब?"

"मग रिव्हॉल्वरसाठी?"

"मला ते धरतासुद्धा येत नाही!"

दीड तास मी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. काल दुपारी कुठे होतास, कोणाला भेटलास, किल्ली कोणाला दिलीस. त्याचा घाम बघून मला वाटत होतं, हा आता बोलेल. बाहेरच्या बाकावर त्याचे वडील बसले होते. मी एकदा बाहेर आलो, तर ते उठून म्हणाले, "त्याला सोडा साहेब. त्याने नाही केलं."

"मग कोणी केलं?"

"मला काय माहीत?" म्हणत ते पुन्हा बसले.

हे वाक्य मी तिथेच धरायला हवं होतं. "त्याने नाही केलं" इतक्या खात्रीने तोच बोलतो, ज्याला कोणी केलं याचा अंदाज असतो.

दुपारी अडीच वाजता मानखुर्दहून फोन आला. तिथल्या बीटवरच्या हवालदाराने आमचा संदेश वाचला होता आणि त्याला एका फॅब्रिकेशनवाल्याने आदल्या संध्याकाळी सांगितलेली गोष्ट आठवली होती. एक माणूस रिक्षातून तिजोरी घेऊन आला, कटरने कापून दे म्हणाला. फॅब्रिकेशनवाल्याने ती हलवून बघितली. "आत काहीतरी जड घरंगळतंय," तो म्हणाला, "बिल दाखव, मग कापतो." तो माणूस निघून गेला, पण विचार बदलला तर फोन कर म्हणून नंबर ठेवून गेला.

नंबर मी कागदावर लिहिला आणि बाहेर जाऊन काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढला.

"जावयाचा आहे," ते म्हणाले. "मुलीकडे आमच्या घराची किल्ली आहे. तिची आई आजारी होती तेव्हापासून. साहेब, मी तिला सांगितलंच नव्हतं, घर भावाला देतोय म्हणून. तिला बाहेरून कळलं. मला काल संध्याकाळीच समजलं होतं, हे तिचंच काम."

"मग फोन का नाही केला?"

"केला. उचलला नाही. वाटलं, राग गेला की आणून देईल."

मुलगी चेंबूरला राहायची. तिचा फोन आता बंद लागत होता. जावई कामावर होता, त्याने उचलला. पोलीस म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला. तिजोरी सकाळी स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने उघडली, फाईल बायको घेऊन गेली वकिलाकडे, बाकी आम्ही कशाला हात लावला नाही, असं तो सांगू लागला.

"आत पाऊच होता?"

"होता एक, काळा. सासऱ्यांचं काहीतरी असेल म्हणून तसाच ठेवला."

"त्यात भरलेलं रिव्हॉल्वर आहे."

जावई म्हणाला, "ते तर तुमच्याकडे जमा आहे ना? निवडणुकीसाठी?" आणि लगेच, "साहेब, घरी माझी आई आहे. तिला आठवत नाही काही. सांभाळायला बाई असते, पण..."

चेंबूरच्या ठाण्याला फोन केला आणि आम्ही हायवेला लागलो.  मी मनात दीड तासाचा हिशेब करत होतो. चोर शोधण्याच्या नादात मी हत्याराला विसरलो होतो. त्या दीड तासात ते एका घरात उघड्यावर पडलेलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर चेंबूरचे दोघे शिपाई उभे होते आणि सांभाळणारी बाई जिन्यात बसून रडत होती. ती दूध आणायला खाली गेली होती. परत आली तर आजींच्या हातात "ते" होतं. घाबरून ती बाहेर पळाली आणि दार मागे ओढलं. लॅच लागलं, किल्ली आत. शेजाऱ्यांकडे जादा किल्ली होती. ती आणवली, पण शिपायांना मी थांबवलं. गणवेशातली चार माणसं एकदम आत घुसली तर आजी दचकणार, आणि बोट कुठे आहे ते आम्हाला दिसत नव्हतं.

आतून आजींचं मालवणी पुटपुटणं ऐकू येत होतं, आणि आमची हवालदार कुडाळकडची. ती म्हणाली, "साहेब, मी जाते. तुम्ही दारातच थांबा." तिने टोपी काढून माझ्या हातात दिली बूट दाराबाहेर काढले आणि लॅच हळूच उघडून आत गेली.

दाराच्या फटीतून मला कॉट दिसत होती. ऐंशीच्या आजी, नऊवारी, केस पांढरेशुभ्र. त्या पदराने रिव्हॉल्वर पुसत होत्या. नळी त्यांच्याच पोटाकडे होती आणि पुसता पुसता बोट मधूनच ट्रिगरच्या कडीत जात होतं.

"आये, काय गो करतंस?" हवालदार जमिनीवर बसत म्हणाली.

आजींनी वर बघितलं. "तू कोण गो?"

"मी कुडाळची. तुका भेटाक इलंय."

"ह्यो जिन्नस ह्यांचो आसा," आजी म्हणाल्या. "मिलीतसून येतले, तेंका देवचो आसा. डाग पडलेत."

नवरा मिलमध्ये फिटर होता, हे मला नंतर कळलं. जाऊन वीस वर्षं झाली होती.

"मग माझ्याकडे दी. मी तेंका नेऊन देतंय."

"नाय!" आजींनी ते छातीशी घट्ट धरलं.  इतक्या वर्षांची नोकरी, कमरेला हत्यार, आणि दारामागे उभं राहण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

हवालदार जागची हलली नाही. तिने हात पुढे केला नाही की आवाज चढवला नाही. पदर नसल्यामुळे बाहीनेच कपाळ पुसलं आणि म्हणाली, "बरा, रवांदे तुझ्याकडेच. उन्हातसून इलंय गे आये. तान लागली. वायच पाणी देतंस?"

आजींचा चेहराच बदलला. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही, याची त्यांना लाज वाटली असावी. "अगो, आधी सांगूक नाय?" म्हणत त्यांनी ते रिव्हॉल्वर उशीवर ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

हवालदाराने उशीवरून ते उचललं, सिलिंडर उघडलं आणि पाचही काडतुसं तळहातावर घेतली. मग ती तिथेच बसून राहिली. आजींनी आणलेलं पाणी ती पूर्ण प्यायली. बाहेर आली तेव्हा मात्र पंचनाम्यावर सही करायला तिला दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी मुलगी ठाण्यात आली, फाईल घेऊन. जबाब देताना तिने काहीच नाकारलं नाही. "सही होऊ नये एवढंच हवं होतं. बाबा मला विचारतील, समोर बसवतील, असं वाटलं होतं." मग सासूचं कळलं आणि ती जबाब अर्धवट टाकून रडत राहिली.

गुन्हा नोंदवला. काकांवर परवान्याच्या अटी मोडल्याचा अहवाल गेला, परवाना निलंबित झाला. पुढे तो त्यांनी स्वतःहून परत केला. मुलगी-जावयाची केस कोर्टात आपसात मिटली. भाऊ-बहीण अजून बोलत नाहीत, असं ऐकतो. मुलाची मी माफी मागितली. "ठीक आहे साहेब," एवढंच तो म्हणाला, आणि ते ठीक नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

निवृत्तीनंतर सोसायट्यांमध्ये सुरक्षेवर बोलायला बोलावतात. घरची तिजोरी कोणती घ्यावी, हा प्रश्न येतोच. मी सांगतो, एकट्याने हलणार नाही इतकी जड घ्या, आणि जड असली तरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवा. भाड्याचं घर असलं, पाडायचं असलं, तरी बसवा. भोक बुजवता येतं. हत्यार आणि कागद एका दाराआड ठेवू नका, कारण कागदाला दहा जणांचे हात लागतात. हत्यार रिकामं ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. जादा किल्ली देव्हाऱ्यात किंवा तांदळाच्या डब्यात नको, तिथे सगळे बघतात. आगीचा विचार कागदांसाठी करा, नुसत्या जाड पत्र्याने कागद वाचत नाहीत.

मागे घाटकोपरला एका गृहस्थांनी विचारलं, "साहेब, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरच्यांना काही सांगायचं नाही, बरोबर ना?"

मी म्हणालो, "तिजोरी उघडायचा नंबर सांगू नका. आत काय आहे, ते मात्र सांगा."

त्या मुलीच्या जबाबातलं शेवटचं वाक्य मी माझ्या हाताने लिहून घेतलं होतं. "आत ते आहे हे मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्या तिजोरीला हात लावला नसता."